टाचणीच्या डोक्याएवढा गुरू

डार्विन म्हटले की माकड आठवते. बार्नेकल कुणाला आठवत नाही. समुद्रकाठच्या खडकांना चिकटणारे हे कवचधारी जीव खेकड्याचे दूरचे भाईबंद. १८३५ साली चिलीच्या किनाऱ्यावर एका शंखात डार्विनला टाचणीच्या डोक्याएवढा असा जीव सापडला. तो कोणत्याच ज्ञात गटात बसेना. १८४६ मध्ये त्याची ओळख पटवायला घेतलेले काम आठ वर्षे चालले. उत्क्रांतीचा निबंध १८४४ मध्येच लिहून झाला होता. तो बाजूला ठेवून, आजारी देहाने डार्विन सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिला. १८५१ मध्ये दहा वर्षांची लेक ॲनी गेली. काम थांबले नाही. एका जातीतले जीवही तंतोतंत सारखे दिसेनात. जात आणि उपजात यांतील रेषा पुसट झाली. १८५९ च्या ग्रंथाला याच अनुभवाचे बळ मिळाले. नांदेड-लातूरहून समुद्र दूर खरा. पण मोठे विधान करण्याआधी लहानसा जीव नीट पाहावा, हा धडा गोदाकाठीही गिरवता येतो.