परमहंस योगानंद आणि क्रियायोग

ध्यान गुरूसमोर बसूनच शिकावे, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. शिष्याची बैठक, श्वास, मनाची चंचलता पाहून गुरू पुढची पायरी सांगतो. पण गुरू एका खंडात आणि शिष्य दुसऱ्या खंडात असेल तर? या प्रश्नाला ज्यांनी आपले आयुष्य दिले, त्या परमहंस योगानंदांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

५ जानेवारी १८९३ रोजी गोरखपूर येथे एका बंगाली कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मुकुंदलाल घोष. वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर. आईवडील दोघांनीही काशीच्या लाहिरी महाशयांकडून क्रियायोगाची दीक्षा घेतली होती. हे महाशय सरकारी कचेरीत नोकरी करणारे, मुलाबाळांचे गृहस्थ. संसार न सोडताही ईश्वराशी नाते जोडता येते, हे त्यांनी स्वतः जगून दाखविले. मुकुंदाला मात्र संसार नकोच होता. अकराव्या वर्षी आई गेली. पुढे शाळकरी वयात तो हिमालयात जायला घरातून पळाला आणि हरिद्वारला पकडला गेला! अखेर १९१० मध्ये काशीत गुरू भेटले, स्वामी श्रीयुक्तेश्वर. शिस्त मोठी कडक; शिष्याने बी. ए. व्हावे, हाही त्यांचाच आग्रह. १९१५ मध्ये मुकुंदाचे स्वामी योगानंद झाले.

१९२० साली बोस्टनच्या धर्मपरिषदेचे निमंत्रण आले. मुलाने इतक्या दूर जावे असे वडिलांच्या मनात नव्हते, तरी खर्चाची रक्कम त्यांनीच हाती ठेवली. बोटीवर सहप्रवाशांनी भाषणाचा आग्रह धरला. इंग्रजीत भाषण कधी केलेले नव्हते. उभे राहिले, पण दहा मिनिटे तोंडातून शब्द फुटेना. लोक हसू लागले. मग गुरूचे स्मरण केले आणि पाऊण तास बोलले. परमुलखाची भाषा तोंडात बसेपर्यंतची ती धास्ती आपल्या वाडवडिलांनाही चुकली नव्हती.

१९२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका टेकडीवर त्यांचे मुख्य केंद्र उभे राहिले. सभांना हजारो लोक येत, पण सभा संपली की स्वामी दुसऱ्या गावी. मागे राहिलेल्याने काय करावे? म्हणून त्यांनी टपालाने धडे पाठविण्यास प्रारंभ केला. कणा ताठ ठेवून बसावे, दृष्टी भुवयांच्या मध्यावर स्थिर करावी, श्वास येईल तसा येऊ द्यावा, आणि आत येताना एक, बाहेर जाताना दुसरे बीजाक्षर मनात म्हणावे. आपल्या ‘सोऽहम्’ जपाची ही सख्खी बहीणच म्हणा ना! श्वास मंदावतो तसे मनही निवते, आणि त्या निवांतपणात देव जवळ येतो, अशी त्यांची शिकवण. मात्र कण्यातील चक्रांभोवती प्राण फिरविण्याचा क्रियेचा मुख्य विधी त्यांनी आपल्या आत्मचरित्रात उघड केला नाही. तो तयारी झाल्यावर, दीक्षेनेच. टपालाने योग म्हणजे विद्येचा बाजार, असे कोणास वाटल्यास त्याने हा संयम ध्यानात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

विरोधही झाला. १९२८ मध्ये मायामीच्या पोलीसप्रमुखाने त्यांची व्याख्याने बंद पाडली.

१९३५ मध्ये ते मायदेशी आले. गुरूंनी ‘परमहंस’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींचे पाहुणे होते. तेथे गांधीजींनी व काही आश्रमवासीयांनी त्यांच्याकडून क्रियायोग शिकून घेतला. येथे टपाल नव्हते, शिकविणारा समोर होता. परंतु मार्च १९३६ मध्ये श्रीयुक्तेश्वरांनी पुरी येथे देह ठेवला, तेव्हा योगानंद वेळेवर पोहोचू शकले नाहीत. दूरच्या शिष्यांना पत्राने धीर देणाऱ्याला स्वतःच्या गुरूची शेवटची भेट काही मिळाली नाही.

त्याच वर्षी ते अमेरिकेस परतले. १९४६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले. ते मराठीतही आले आहे. ७ मार्च १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथे भारताच्या राजदूतांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. योगानंद बोलले, आणि भाषण संपताच तेथेच कोसळले. वय ५९. धडे त्यांच्या पश्चातही टपालाने घरोघर जात राहिले.