डॉ. होमी भाभा आणि अणूची आग

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात निमगाव सावा नावाचे गाव आहे. याच तालुक्यात खोडद येथे आणि आसपासच्या शिवारांत ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा ३० तबकड्या मिळून एक रेडिओ दुर्बीण होते. सूर्य आणि तारे यांच्याकडून येणाऱ्या लहरी ती टिपते. ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आहे. त्या संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा यांची ही कथा आहे.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये गेले. त्यांनी इंजिनिअरिंगची परीक्षा उत्तम रीतीने दिली. पण मन रमले ते भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. ते इथेच राहिले. बंगळूरला काही वर्षे संशोधन केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये टाटा संस्था स्थापन केली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

देशात वीज कमी होती. ती अणूपासून मिळवावी, असे भाभांनी ठरवले. युरेनियमच्या अणूचे केंद्रक फुटले की उष्णता निघते. सोबत न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात आणि ते आणखी केंद्रके फोडतात. अशी साखळी सुरू होते. केंद्रक फुटण्यालाच विखंडन म्हणतात. या साखळीला लगाम हवा. म्हणून अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या छड्या असतात. छड्या आत सरकवल्या की साखळी थांबते.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी होय. तिचे इंधन पाण्याच्या खोल हौदात ठेवलेले होते. तेच पाणी इंधन थंड ठेवी आणि घातक किरणांपासून माणसांचे रक्षणही करी.

तरीही विखंडनात एक मोठी अडचण आहे, ती नीट समजून घ्या. साखळी थांबली तरी इंधन लगेच थंड होत नाही. भट्टी बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सुमारे सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. तिला सतत पाणी द्यावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. पण सुनामीमुळे पाण्याच्या पंपांची वीज गेली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे तर साखळीच हाताबाहेर गेली होती. शिवाय वापरलेल्या इंधनातील काही पदार्थ हजारो वर्षे किरणोत्सारी राहतात.

मग दुसरा मार्ग कोणता? १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगाविषयी जागतिक परिषद भरली. भाभा तिचे अध्यक्ष होते. दोन दशकांत माणूस संमीलनाची ऊर्जा काबूत आणील, असे भाकीत त्यांनी तेथे केले. संमीलन म्हणजे हलकी केंद्रके एकत्र जोडणे. सूर्य याच शक्तीवर तळपतो.

पृथ्वीवर त्यासाठी दहा कोटी अंशांहून अधिक तापमान लागते. ते टिकवणे फार कठीण. पण सुरक्षितता याच कठीणपणात आहे. चुलीत लाकूड घातले नाही तर चूल विझते, तसे जरा बिघडले की संमीलन विझते. येथे न्यूट्रॉनची साखळी नाही. भट्टीत एका वेळी काही ग्रॅमच इंधन असते. मात्र संमीलन अगदी निर्धोक आहे, असेही समजू नका. त्यातील ट्रिटियम हे इंधन किरणोत्सारी असते आणि भट्टीच्या भिंतीही किरणोत्सारी होतात. तरी हा कचरा विखंडनाच्या कचऱ्याहून कमी काळ घातक राहतो.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभांचे निधन झाले. १९६७ मध्ये तुर्भे येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. ते पाहायला भाभा नव्हते.

त्यांचे भाकीत वेळेवर खरे ठरले नाही. संमीलनाची वीज अजून घराघरांत पोहोचलेली नाही. मात्र गुजरातमध्ये गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत हे काम चालू आहे आणि फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात भारताचा वाटा आहे. मित्रांनो, जी शक्ती हाती घ्यायची, तिचा लगाम आधी तयार ठेवावा लागतो. अधिक सुरक्षित शक्तीचा शोध पुढे नेण्याची जबाबदारी आता तुमच्या पिढीची आहे.

स्वाध्याय
१. अणुभट्टीतील छड्यांचे काम काय?
२. फुकुशिमा येथे भट्ट्या बंद होऊनही अपघात का झाला?
३. संमीलन आपोआप का विझते?