नाताळाचे चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट

नाताळ जवळ आला म्हणजे एखादे चित्रमय पुस्तक आपल्या हाती पडावे, असे कोणत्या मुलास वाटत नाही? गारठलेल्या वाटेने दौडणारी घोडागाडी, शेकोटीभोवती जमलेले आबालवृद्ध, अशी विलायती खेड्यांतील जुन्या नाताळाची चित्रे जोंधळ्याच्या शिवारात वाढलेल्या आपल्या परभणीकडील मुलांनाही आवडतात. अशा चित्रांत जीव ओतणाऱ्या कलावंतांत रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांचे नाव अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडातील चेस्टर या प्राचीन शहरी २२ मार्च १८४६ रोजी झाला. ते सुमारे सहा वर्षांचे असताना मातोश्री निवर्तल्या. प्रकृती बालपणापासूनच नाजूक. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते व्हिटचर्च गावच्या पेढीत कारकून झाले व जवळच्या खेड्यात एका शेतघरी राहू लागले. खातेदारांच्या भेटीसाठी त्यांना शेताशेतांतून फिरावे लागे. त्या फेऱ्यांत गुरांचे बाजार, शिकारीचे घोडे, कुत्री आणि गावकऱ्यांच्या लकबी ते बारकाईने न्याहाळीत व फावल्या वेळी कागदावर उतरवीत. हीच त्यांची खरी चित्रशाळा होय.

१८६७ साली ते गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या मँचेस्टर शहरी गेले. तेथे दिवसा पेढीतील हिशेब व सायंकाळी कलाशाळेतील अभ्यास, असा त्यांचा क्रम असे. नियतकालिकांतून चित्रे छापून येऊ लागल्यावर १८७२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कायमची नोकरी सोडून त्यांनी लंडनची वाट धरली.

वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन ग्रंथकाराने सुमारे १८२० साली इंग्लंडातील खेड्याच्या नाताळाचे वर्णन लिहिले होते. त्यास कॅल्डेकॉट यांनी चित्रे काढली व १८७५ साली ‘ओल्ड ख्रिसमस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लोक गावे सोडून गिरण्यांच्या शहरांत दाटले होते, अशा काळी या चित्रांनी त्यांना हरपलेले गाव परत दाखविले. ग्रंथकाराचे शब्द जुने होते. परंतु चित्रांतील माणसे व जनावरे कारकुनाने प्रत्यक्ष पाहिलेली होती.

पुढे कुशल मुद्रक एडमंड इव्हान्स यांच्या साहाय्याने त्यांनी मुलांसाठी रंगीत पुस्तके काढली. प्रत्येक रंगासाठी लाकडाचा निराळा ठसा कोरावा लागे. १८७८ पासून १८८५ पर्यंत दर नाताळास दोन, अशी सोळा पुस्तके निघाली. किंमत अवघी एक शिलिंग! त्यांत जुनी बालगीते व विनोदी कविता असत. मोजक्या रेषांत धावता घोडा उभा करावा, आणि कवितेत नसलेला प्रसंग चित्राने सांगावा, ही त्यांची हातोटी होती.

१८८० साली त्यांचा विवाह झाला. संतती मात्र झाली नाही. दुखण्याने जर्जर होऊन, उबदार हवेच्या आशेने ते पत्नीसह अमेरिकेस गेले. परंतु फेब्रुवारी १८८६ मध्ये फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टिन येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकोणचाळीस! तेथील ग्रंथालय संघ १९३८ पासून दरवर्षी उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकारास त्यांच्या नावाचे पदक देत आला आहे.

ज्यांच्या घरी पाळणा हलला नाही, त्यांनी परक्यांच्या लेकरांचा नाताळ आनंदाचा केला. विद्यार्थ्यांनो, त्यांची चित्रे जन्मली ती रोजच्या वाटेवर. आपल्या वाटेवरही बैलगाड्या आहेत, आठवड्याचे बाजार आहेत, पौषातील हुरड्याच्या आगट्या आहेत. त्यांकडे नीट पाहणारा डोळा मात्र आपणच कमावला पाहिजे.