विश्लेषण : बर्फात मागची चाकं तारतात की दगा देतात? मोंटे कार्लो जिंकणाऱ्या डोनाल्ड हिली यांची गोष्ट

जानेवारी आला की मोबाइलवर मोंटे कार्लो रॅलीचे व्हिडीओ फिरू लागतात. त्याच सुमारास पनवेल, कळंबोली, खारघरमधून मनाली आणि सोलंगला गेलेल्या गाड्यांचेही व्हिडीओ येतात. त्यातल्या निम्म्यांत गाडी चढावर जागच्या जागी चाकं फिरवत असते आणि चार जण तिला मागून ढकलत असतात. बहुतेक वेळा ती गाडी रिअर व्हील ड्राइव्ह असते, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. असं असेल तर ९० वर्षांपूर्वी मागच्या चाकांवर चालणारी साडेचार लिटरची स्पोर्ट्स कार नॉर्वेच्या बर्फातून भूमध्य समुद्रापर्यंत नेऊन रॅली जिंकणं कुणाला कसं जमलं? ती कार चालवणारे होते डोनाल्ड हिली. ऑस्टिन-हिली या गाडीच्या नावातले हिली ते हेच.

कोण होते डोनाल्ड हिली?

३ जुलै १८९८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ या समुद्रकाठच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडिलांचं गावात दुकान होतं. मुलाचा ओढा विमानांकडे. सॉपविथ या विमान कंपनीत त्यांनी उमेदवारी केली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर वय कमी असतानाच ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. तिथे त्यांचं विमान पाडलं गेलं, तेही जर्मनांकडून नाही, तर ब्रिटिशांच्याच विमानविरोधी तोफांकडून. १९१७ मध्ये त्यांना उड्डाणातून बाजूला व्हावं लागलं. युद्ध संपल्यावर त्यांनी पत्राद्वारे मोटार इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम केला आणि १९२० मध्ये गावातच गॅरेज उघडलं.

गॅरेज चालवणं हा पोटापाण्याचा भाग झाला. त्यांचं खरं मन रमायचं ते रॅलीत.

मोंटे कार्लो रॅली हिवाळ्यात का?

मोनॅकोला हिवाळ्यात पर्यटक हवे होते. त्यासाठी १९११ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी २३ गाड्या होत्या. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघायचं आणि ठरलेल्या वेळेत मोंटे कार्लोला पोहोचायचं, अशी कल्पना. पुढे जितक्या लांबून निघाल तितके जास्त गुण, असा हिशेब आला. त्यामुळे जिंकायचं असेल तर स्कँडिनेव्हिया किंवा बाल्टिक देशांतून, म्हणजे भर बर्फातून निघण्याला पर्याय नसे.

हिली १९२९ मध्ये ट्रायम्फ सुपर सेव्हन घेऊन उतरले. या गाडीचं इंजिन ८३२ सीसीचं, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा जेमतेम ३६ सीसी मोठं. काही मिनिटं उशीर झाला आणि त्यांचा क्रमांक हुकला. पुढच्या वर्षी तीच छोटी गाडी घेऊन ते एस्टोनियातल्या टालिनहून निघाले आणि सातवे आले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा निकाल १९३१ च्या विजयाइतकाच मोलाचा आहे. का, ते कळण्यासाठी थोडं भौतिकशास्त्र पाहावं लागेल.

मागची चाकं बर्फात नेमकी का घसरतात?

कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.२ आणि गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली येतो. गणित करून पाहा. ताशी ४० किमी वेगाने जाताना ब्रेक पूर्ण लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला साधारण ३१ मीटर लागतात आणि गोठलेल्या बर्फावर ६० मीटरच्या पुढे. यात गाडी कुठल्या चाकांवर चालते याचा काही संबंध नाही. फोर बाय फोरचा बिल्ला असला तरी हे अंतर कमी होत नाही. मनालीला जाणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

फरक पडतो तो निघताना आणि वळताना. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते, ठरावीक. ती गाडी पुढे ढकलायलाही लागते आणि वळणावर गाडीला रस्त्यावर धरून ठेवायलाही लागते. बर्फावर पगारच चौथाई झालेला असतो. अशा वेळी वळणात अॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला, तर मागची चाकं सगळी पकड ढकलण्यातच खर्च करतात. धरून ठेवायला काही उरत नाही आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. पुढची चाकं ओढणारी गाडी अशा वेळी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. मागची चाकं ढकलणारी गाडी मात्र भोवऱ्यासारखी फिरते. त्यात इंजिन पुढे असेल तर मागच्या चाकांवर वजनच कमी. म्हणून चढावर ती जागीच फिरत राहतात.

पनवेलकरांना हे अनोळखी नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर किंवा गोव्याच्या रस्त्यावर रिकामा टेम्पो वळणावर मागून सरकतो. तोच टेम्पो माल भरलेला असला की शहाण्यासारखा चालतो. दोन्हींत फरक आहे तो मागच्या आसावरच्या वजनाचा. बर्फाच्या देशांत लोक पिकअपच्या मागे वाळूची पोती ठेवतात, ती याचसाठी.

आता सुपर सेव्हनकडे. तिच्या इंजिनात इतकी कमी ताकद होती की मागची चाकं बेभान फिरवणं तिला सहज जमणारंच नव्हतं. बर्फात हा दोष गुणासारखा वागतो. पण गुणतक्त्यात वर जायचं तर वेग हवा आणि वेगासाठी मोठं इंजिन.

१९३१ मध्ये काय घडलं?

हिली यांनी निवडली इन्व्हिक्टा एस टाइप. साडेचार लिटरचं मेडोज इंजिन, सहा सिलिंडर आणि जमिनीला लागेल की काय असं वाटावं इतकी खाली बसवलेली चासिस. मागचा आस चासिसच्या खालून न जाता वरून जात असे, म्हणून गाडी एवढी बुटकी. आदल्या वर्षीच्या गाडीच्या तुलनेत इंजिन पाचपटीहून मोठं. बर्फासाठी ही निवड उलटीच म्हणायला हवी. पण या इंजिनाला कमी फेऱ्यांतही भरपूर जोर होता. घसरड्या रस्त्यावर वरचा गिअर टाकून, इंजिन न तापवता, चाकांना हळूहळू ताकद देत जाणं अशा इंजिनाने शक्य होतं. बर्फात रिअर व्हील गाडी चालवण्याचं निम्मं कसब इथेच आहे. अॅक्सिलरेटरवरचा पाय मऊ हवा, क्लच झटक्यात सुटता कामा नये आणि मागची बाजू सुटू लागली तर ब्रेकला हात न लावता, म्हणजे खरं तर पाय न लावता, ती ज्या दिशेला जातेय त्याच दिशेला स्टेअरिंग द्यायचं.

नॉर्वेच्या स्टाव्हांगरहून ते निघाले. उत्तरेकडच्या निसरड्या रस्त्यांवरच गाडी घसरून तारेच्या खांबावर आदळली. मागचा आस जागेवरून हलला, ब्रेकचीही पंचाईत झाली. रॅली तिथेच संपायला हवी होती. हिली यांनी गाडी चालण्याजोगी केली आणि उरलेला युरोप त्याच वाकड्या गाडीतून पार केला. आधीच शेपूट फेकणारी गाडी, त्यात मागची चाकं सरळ रेषेत नाहीत. मोंटे कार्लोला पोहोचल्यावरच्या चाचण्याही त्यांनी पार केल्या आणि ते पहिले आले. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, इन्व्हिक्टा घेऊनच ते दुसरे आले.

ही गाडी सोपी होती असं मात्र कुणी समजू नये. १९३१ मध्येच ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर सॅमी डेव्हिस या कसलेल्या चालकाची इन्व्हिक्टा घसरली, मोठा अपघात झाला आणि त्यांचा पाय मोडला. एस टाइप घसरते, हा शिक्का त्यानंतर तिला कायमचा बसला.

जिंकल्यानंतर ते काय करत होते?

हिली यांना बोलावणी येऊ लागली. आधी रायली आणि मग ट्रायम्फमध्ये त्यांना तांत्रिक विभागात मोठी जबाबदारी मिळाली. तिथे त्यांनी आठ सिलिंडरची, सुपरचार्जर असलेली डोलोमाइट तयार केली. १९३५ च्या मोंटे कार्लोसाठी ती घेऊन निघाले असता डेन्मार्कमध्ये रेल्वे क्रॉसिंगवर आगगाडीने तिला उडवलं. गाडीचा चुराडा झाला, हिली वाचले. १९३६ मध्ये पुन्हा डोलोमाइट घेऊन ते गेले आणि आठवे आले.

१९३९ मध्ये ट्रायम्फ आर्थिक संकटात बुडाली. दुसऱ्या महायुद्धात ते हंबर कंपनीत चिलखती गाड्यांवर काम करत होते. तिथे भेटलेल्या सहकाऱ्यांना घेऊन १९४५ मध्ये त्यांनी वॉरिक इथे स्वतःची कंपनी काढली. तेव्हा त्यांचं वय ४७. त्यांच्या सुरुवातीच्या बंद टपाच्या गाडीने ताशी १६० किमीचा टप्पा ओलांडला. चार सीटच्या गाडीसाठी त्या काळात हे फार होतं.

अमेरिकेला जाताना क्वीन एलिझाबेथ जहाजावर त्यांची गाठ नॅश कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्याशी पडली. हिली निघाले होते कॅडिलॅकची इंजिनं मिळवायला, प्रत्यक्षात जमला तो नॅशबरोबरचा करार. त्यातून नॅश-हिली आली. १९५२ च्या लंडन मोटर शोमध्ये त्यांनी हिली हंड्रेड मांडली आणि ऑस्टिनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी शोमध्येच ती आपल्याकडे घेतली. गाडीचं नाव झालं ऑस्टिन-हिली १००. गाडी ऑस्टिनच्या कारखान्यात बनणार, हिली यांना नावासाठी आणि डिझाइनसाठी रॉयल्टी मिळणार. ऑस्टिन तोवर बीएमसी या समूहात गेली होती. आपल्या अॅम्बेसेडरमधलं १४८९ सीसीचं जुनं इंजिन याच बीएमसी घराण्यातलं.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हिली यांनी स्वतः स्टेअरिंग धरून ताशी २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किमीचा वेग ओलांडला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. १९५८ मध्ये बेडकासारखे डोळे असलेली छोटी ऑस्टिन-हिली स्प्राइट आली आणि १९५९ मध्ये मोठी ३०००. तिन्ही गाड्यांमध्ये इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना.

मग बर्फाने हिशेब कधी चुकता केला?

१९६५ मध्ये. जानेवारीतल्या मोंटे कार्लोत इतका बर्फ पडला की निघालेल्या २३७ गाड्यांपैकी ३५ पोहोचल्या. जिंकली छोटी मिनी कूपर एस, चालक फिनलंडचे टिमो मॅकिनेन. मिनीचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच, त्यामुळे सगळं वजन कामाच्या चाकांवर. मात्र दुसरी आली पॉर्शे ९०४, मागच्या चाकांवर चालणारी अस्सल स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, म्हणजे वजन पुन्हा कामाच्या चाकांकडे. दोन्ही निकाल एकच नियम सांगतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनच्या आरएसी रॅलीत पुन्हा बर्फ होता. या वेळी मॅकिनेन ऑस्टिन-हिली ३००० चालवत होते आणि बर्फ असूनही आघाडीवर होते. शेवटी गोठलेल्या चढांवर त्या गाडीच्या मागच्या चाकांना पकड मिळेना. रॅली जिंकली राउनो आल्टोनेन यांच्या मिनीने आणि हिली दुसरी राहिली. मिनीही बीएमसीचीच. म्हणजे हिली यांच्या नावाच्या गाडीला त्याच घरातल्या लहान गाडीने हरवलं. तेवढ्या बर्फात, तेवढ्या ताकदीची मागच्या चाकांची गाडी दुसरी यावी हे मला तरी अजून थक्क करतं.

त्यांच्या नावाचं पुढे काय झालं?

३००० चं उत्पादन १९६७ मध्ये थांबलं. १९६८ मध्ये विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड बनली आणि नव्या व्यवस्थापनाला रॉयल्टी द्यायची नव्हती. १९७१ मध्ये स्प्राइट शेवटच्या काही महिन्यांसाठी नुसती ऑस्टिन स्प्राइट म्हणून विकली गेली. हिली हे नाव पुसलं गेलं. ते स्वतः तोवर जेन्सन कंपनीचे अध्यक्ष झाले होते. १९७२ मध्ये जेन्सन-हिली बाजारात आली, तीही रिअर व्हील ड्राइव्ह. १९७६ मध्ये जेन्सनही बंद पडली.

मनालीला जाणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

जानेवारी २०२३ मध्ये थारचा रिअर व्हील ड्राइव्ह प्रकार आला. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांचेही असे प्रकार आहेत. त्यामुळे भाड्याने गाडी घेताना विचारून घ्या. स्नो चेन नेहमी ताकद मिळणाऱ्या चाकांना लावतात, म्हणजे या गाड्यांत मागे. पण मागे चेन लावली म्हणून पुढची चाकं नीट वळतील किंवा गाडी लवकर थांबेल असं नाही. ८ मीटरचे ३१ मीटर झालेलेच असतात. नेहमीच्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं. त्यामुळे सकाळी लवकर निघताना पकड आणखी कमी धरा. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखू द्या.

१९८३ च्या मोंटे कार्लोत वॉल्टर रोर्ल यांनी मागच्या चाकांवर चालणाऱ्या लँचिया ०३७ मधून चारही चाकांच्या ऑडींना हरवलं. त्या वर्षी रस्त्यांवर बर्फ फारसा नव्हता. हिली तेव्हा ८४ वर्षांचे होते. जानेवारी १९८८ मध्ये, मोंटे कार्लोच्याच महिन्यात, त्यांचं कॉर्नवॉलमध्ये निधन झालं.