हमीद दलवाई : अल्पसंख्यांतील अल्पसंख्य

म्हसळा-श्रीवर्धनापासून सावित्रीपलीकडे दापोली-चिपळूणपर्यंतच्या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. म्हसळा हा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाचा महाल होता. तेथे सत्ता सिद्दींची, तर बहुसंख्य प्रजा हिंदू होती. घरची बोली कोकणी, पुरुष मुंबईस, आगबोटींवर अथवा परदेशी, आणि मागे घर व शेत सांभाळणाऱ्या स्त्रिया, हे या वस्तीचे परिचित जीवन होय. या स्त्रीचे वैवाहिक स्थान मात्र पतीच्या एका तोंडी उच्चारावर अवलंबून होते. याच पट्ट्याच्या दक्षिणेस, चिपळूणजवळील मिरजोळी येथे २९ सप्टेंबर १९३२ रोजी हमीद उमर दलवाई यांचा जन्म झाला.

बालवयातच ते राष्ट्र सेवा दलाकडे ओढले गेले. समाजवादी विचारांचे संस्कार, मुंबईतील कष्टाचे दिवस, आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ दैनिकातील वार्ताहराचे काम आणि त्याबरोबर कथालेखन असा त्यांचा प्रवास झाला. ‘लाट’ हा कथासंग्रह आणि १९६५ मधील ‘इंधन’ ही कादंबरी एवढीच त्यांची ललित मिळकत प्रामुख्याने सांगता येते. तथापि ‘इंधन’चे मोल संख्येने ठरत नाही. दीर्घ काळाने गावी परतलेला सुधारणावादी नायक, जमीनदार मुसलमान घराणी, कुळे आणि नवबौद्ध यांच्यातील जुने हितसंबंध, आणि अखेर पेट घेणारा संघर्ष यांचे चित्रण करताना लेखकाने स्वसमाजाला सवलत दिली नाही, नायकालाही दिली नाही. सद्‌हेतूचा एकटा माणूस गाव बदलू शकत नाही, हे ज्या लेखकाने इतक्या निर्ममतेने दाखविले, तोच पुढील वर्षी मूठभर माणसे घेऊन रस्त्यावर उतरला. दलवाईंच्या चरित्रातील हा खरा पेच आहे आणि समीक्षेने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधानभवनावर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला. त्यात स्त्रिया होत्या फक्त सात. त्यांत दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा आणि भगिनी फातिमा यांचा समावेश होता. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व रद्द करावे आणि सर्व नागरिकांस समान कायदा असावा, या त्यांच्या मागण्या होत्या. सात हा आकडा उपहासास सोयीचा होता आणि उपहास झालाही. परंतु मुस्लिम स्त्रीचा प्रश्न धर्मपंडितांच्या कक्षेतून नागरिकत्वाच्या कक्षेत आणण्याचे काम या सात जणींनी केले.

सर्ज मॉस्कोविसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे स्मरतो. सहा जणांच्या गटातील दोघांनी निळा रंग सातत्याने हिरवा म्हटला, तेव्हा उरलेल्यांपैकी काहींची उत्तरे ढळली. दोघांनी सातत्य सोडताच तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. अर्थात प्रयोगातील ते दोघे असत्य सांगत होते. सातत्याने प्रभाव पडतो, सत्य सिद्ध होत नाही. दलवाईंना याची जाण असावी, कारण २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने केवळ भाषणांवर भिस्त ठेवली नाही. तलाकपीडित स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकणे, त्यांना आधार देणे आणि त्यांची परिषद भरविणे हे त्याच्या कामाचे अंग झाले. जोतीराव फुले यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाशी नाते सांगणारे हे नाव बुद्धिपुरस्सर निवडलेले होते. मराठी मुसलमानाने मराठीतूनच शिकावे, हा दलवाईंचा आग्रहही त्याच परंपरेतला होय.

त्यांना मिळालेला विरोध दुहेरी होता, असे म्हटले तर ते अपुरे ठरेल. स्वसमाजाने त्यांना बहिष्कृत मानले, हे अपेक्षितच होते. अधिक घातक ठरली ती निवडक स्तुती. मुस्लिम जमातवादावरील त्यांची टीका उचलून धरणाऱ्या अनेकांनी हिंदू जमातवादावरील त्यांची टीका सोयीस्करपणे वगळली. पुरोगामी मित्रांपैकीही अनेकांनी मतांच्या हिशेबापुढे मौन पत्करले. अल्पसंख्य गटातील बंडखोरास आपल्या शब्दांवर ताबा ठेवणे किती दुष्कर असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, दलवाईंचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीविना विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतरही वाद शमला नाही.

मंडळाचे काम मेहरुन्निसा, सय्यदभाई आणि इतर सहकाऱ्यांनी चालू ठेवले. १९८५ मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला, त्याच वर्षी तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापुराहून निघाला; परंतु १९८६ च्या कायद्याने त्या निकालाचा परिणाम बराचसा निष्प्रभ करण्याचा प्रयत्न झाला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने तात्काळ तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला आणि २०१९ च्या कायद्याने तो दंडनीय गुन्हा झाला. दलवाईंची मागणी समान नागरी कायद्याची होती. फळ आले ते फौजदारी कायद्याच्या रूपाने, आणि बहुपत्नीत्वाचा प्रश्न देशाच्या पातळीवर तसाच राहिला. सात जणींपैकी एक असलेल्या आणि ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या मेहरुन्निसा दलवाई यांचे निधन जून २०१७ मध्ये, त्या निकालाच्या सुमारे अडीच महिने आधी झाले.