शिळेवर मोजलेले सेकंद

अंधारात मीडियम फॉरमॅटचा रंगीत रोल टाकीत भरायचा, ३८ अंशांचे डेव्हलपर ओतायचे, सव्वातीन मिनिटे मोजायची. घरच्या न्हाणीघरात हे करताना मला लिओपोल्ड मॅनेस आठवतो.

१८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या संगीतकार घराण्यात तो जन्मला. पियानो वाजवी, हार्वर्डला पदार्थविज्ञानही शिकला. शाळासोबती लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिनवादक. दोघांचे रंगीत फिल्मचे सुरुवातीचे प्रयोग घरातल्या बाथटबात झाले. १९३० मध्ये कोडॅकने त्यांना रॉचेस्टरला बोलावले. काळोखात घड्याळ दिसत नसे. ब्राम्सची सिंफनी शिळेवर वाजवून ते सेकंद मोजत. १९३५ मध्ये कोडाक्रोम बाजारात आली.

पण घरात जन्मलेली ही फिल्म घरी धुण्याजोगी नव्हती. माझ्या रोलमध्ये रंग घडवणारी द्रव्ये आधीपासूनच असतात. कोडाक्रोमला ती तीन वेगळ्या डेव्हलपरांतून द्यावी लागत. मॅनेस पुढे संगीताकडे परतला, आईवडिलांची संगीतशाळा त्याने सांभाळली, १९६४ मध्ये गेला. २०१० च्या अखेरीस कोडाक्रोम धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही रोल घेणे थांबवले.

माझ्या वडिलांचा एक न धुतलेला कोडाक्रोम रोल कपाटात आहे. त्यातले रंग माझ्या न्हाणीघरात निघायचे नाहीत. टाकून मात्र देववत नाही.