झिजलेल्या नाण्यांचा इतिहासकार

बीड - जुन्या नाण्यांच्या छंदात चकचकीत नाण्याला मान मिळतो आणि झिजलेले नाणे बाजूला पडते. अशा झिजलेल्या नाण्यांनाच बोलते करणारे संशोधक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. त्यांच्यासमवेत दामोदर १९१८ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्या काळात तेथे पाच सेंटचे 'बफेलो निकेल' चलनात होते. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांचे हे नाणे १९१३ ते १९३८ या काळात पाडले गेले. त्यावरील वर्षाचा आकडा उंचवट्यावर असल्याने हाताळणीत तो लवकर पुसला जाई. आकडा पुसलेल्या नाण्याला संग्राहक आजही कमी मोल देतात. कोसंबींनी पुढे भारतीय नाण्यांच्या बाबतीत नेमकी झीज हाच पुरावा मानला.

मायदेशी परतल्यावर बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. संख्याशास्त्राच्या अभ्यासातून ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे नाव नसते व वर्षही नसते. असतात ती केवळ ठशांची चिन्हे. मग त्यांचा काळ ठरवायचा कसा?

नाणे हातोहाती फिरताना किंचित झिजते. जितका काळ ते चलनात राहते, तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढत जातो. हा नियम पडताळण्यासाठी कोसंबींनी आपल्या काळातील चलनी नाणीही हजारोंच्या संख्येने तराजूत तोलली. तक्षशिलेच्या ठेव्यांना त्यांनी हीच कसोटी लावली आणि १९४० च्या दशकारंभी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाणकशास्त्राला त्यांनी गणिताची शिस्त दिली.

पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. त्यासाठी पुण्याहून 'डेक्कन क्वीन'ने त्यांचा प्रवास चाले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

निजामाच्या राजवटीत हाली शिक्का चाललेल्या बीड जिल्ह्यातील संग्राहकांनीही त्यांची दृष्टी आत्मसात करावी अशी आहे. नाणे घासून उजळले की त्याच्या प्रवासाची खूण जाते. नांगराच्या फाळाला लागलेला ठेवा वाटून घेतला किंवा सराफाकडे वितळवला, तर संपूर्ण पुरावाच नष्ट होतो. कारण कोसंबींची पद्धत एका नाण्यावर नव्हे, तर अखंड ठेव्यावर उभी आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. त्या बंधनामागचे खरे मोल कोसंबींच्या तराजूने दाखवून दिले.